अंदाऊचा पूल ते सॉमरसेट स्ट्रीट: हंगेरियन आजीच्या वाटेने सात दिवस

१९५६ च्या नोव्हेंबरात जी मुलगी विशीत होती ती आज नव्वदीला टेकली आहे. न्यू जर्सीत, ओहायोत किंवा टोरांटोत तिची नातवंडं तिला नॉज्यमामा म्हणतात. त्या वर्षी ऑक्टोबरात हंगेरीत कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उठाव झाला, सोव्हिएत फौजांनी तो चिरडला, आणि त्या हिवाळ्यात हंगेरीतून सुमारे दोन लाख माणसं बाहेर पडली. त्यातली एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास ऑस्ट्रियात उतरली, वीसेक हजार युगोस्लाव्हियात, आणि पुढे अडतीस हजारांच्या घरात अमेरिकेत पोचली. एखाद्या अशा आजीची वाट बुडापेस्टपासून न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकपर्यंत आजही आठवडाभरात करता येते. करणारे बहुतेक जण पाच दिवस बुडापेस्टला देतात आणि अमेरिकेतला भाग एका दुपारीत उरकतात. आजीने बुडापेस्टमधून निघायला काही तास घेतले होते, उरलेली सत्तर वर्षं तिने दुसऱ्या टोकाला काढली. वेळेची वाटणीही त्याच हिशेबाने करावी.

न्यू ब्रन्सविकमधला हंगेरियन उत्सव जूनच्या पहिल्या शनिवारी असतो. शेवटचा दिवस त्या शनिवारी येईल अशा बेताने मागे मोजत तारखा ठरवाव्यात, म्हणजे प्रवास मे महिन्याच्या शेवटी सुरू होतो. नोव्हेंबरात गेलं तर थंडी आणि अंधार खरा अनुभवता येतो, पण दुपारी सव्वाचारला सूर्य मावळतो आणि न्यू ब्रन्सविकमधला उत्सवाचा रस्ता रिकामा असतो. भारतीय पासपोर्टवर हंगेरी आणि ऑस्ट्रिया दोन्हींसाठी एकच शेंगेन व्हिसा चालतो. अर्ज मात्र ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे करायचा, इथे हंगेरीकडे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघणाऱ्या भारतीय ग्रीनकार्डधारकांनाही हाच व्हिसा लागतो, हे अनेकांच्या फार उशिरा लक्षात येतं.

पहिला दिवस: बुडापेस्ट, नदीच्या दोन्ही काठांना

२३ ऑक्टोबर १९५६ चा मोर्चा ज्या क्रमाने गेला त्याच क्रमाने चालावं. सुरुवात बुदाच्या बाजूला बेम तेर या चौकात, तिथे ट्राम १९ किंवा ४१ ने उतरायचं. पोलिश सेनानी बेमच्या पुतळ्यापाशी विद्यार्थी जमले. तिथून मार्गारेट पूल ओलांडून पार्लमेंटसमोरच्या कोशुत चौकात पोचायला रमतगमत पाऊण तास पुरतो. २५ ऑक्टोबरला याच चौकात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. समोरच्या कृषी मंत्रालयाच्या कमानींखालच्या भिंतीत धातूचे गोळे बसवलेत. गोळ्या कुठे कुठे लागल्या ते त्यांवरून कळतं. बरेच लोक पार्लमेंटचा फोटो काढत त्या भिंतीला पाठ करून उभे असतात. चौकाच्या जमिनीखाली या गोळीबाराचं छोटं स्मारक आहे, तेही चुकवू नये.

दुपारी मेट्रो एम२ ने अस्तोरिया आणि तिथून पायी ब्रोदी शान्दोर गल्ली. राष्ट्रीय संग्रहालयाच्या बाजूची ही अरुंद गल्ली म्हणजे तेव्हाचं आकाशवाणी केंद्र. विद्यार्थ्यांना आपल्या मागण्या रेडिओवरून वाचून दाखवायच्या होत्या, आणि २३ तारखेच्या रात्री गोळीबार इथेच सुरू झाला. गल्लीची रुंदी पाहिली की जमाव मागे का हटू शकला नाही ते समजतं.

त्यानंतर एम३ ने कोरविन-नेजेद. गोल इमारतींच्या मधोमध कोरविन सिनेमागृह, चारी बाजूंनी बोळ, आणि समोर मोठ्या रस्त्यावर रणगाडे. बोळात रणगाडा वळत नाही, म्हणून पंधरा-सोळा वर्षांची पोरं पेट्रोलच्या बाटल्या घेऊन इथे टिकली. दारात बंदूकधारी मुलाचा पुतळा आहे. मुलीचा नाही, आणि मुली तर होत्या. एरिका सेलेश ही पंधरा वर्षांची, स्वयंपाकाचं शिक्षण घेणारी मुलगी एका डॅनिश छायाचित्रकाराने काढलेल्या, खांद्यावर बंदूक लावून उभ्या असलेल्या तिच्या फोटोमुळे जगाला माहीत झाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती मारली गेली.

ट्रामचं तिकीट आत शिरल्याबरोबर यंत्रात छापून घ्यायचं असतं. खिशात कोरं तिकीट असणं म्हणजे विनातिकीटच, आणि तपासनीस परदेशी माणसाला सवलत देत नाहीत. दिवसाचा पास काढला की ही कटकटच उरत नाही.

दुसरा दिवस: बायकांचा मोर्चा आणि ३०१ क्रमांकाचा भाग

४ नोव्हेंबरला सोव्हिएत फौजा दुसऱ्यांदा शहरात घुसल्या आणि आठवड्याभरात सशस्त्र लढा संपला. त्याला बरोबर महिना झाला त्या दिवशी, ४ डिसेंबरला, हजारो बायका काळे कपडे घालून, हातात एकेक फूल घेऊन होशोक तेरेवर, म्हणजे वीरांच्या चौकात, अज्ञात सैनिकाच्या शिळेपाशी गेल्या. पुरुषांनी यायचं नाही असं ठरलेलं होतं, कारण पुरुषांवर गोळी झाडायला निमित्त लागलं नसतं. रणगाडे उभे होते आणि बायका त्यांच्या मधून गेल्या. त्या रात्री घराघरांच्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या गेल्या. मेट्रो एम१ थेट चौकात येते. शिळा मधल्या खांबासमोर जमिनीलगत आहे. तिथून उजवीकडे दहा मिनिटांवर स्टालिनचा पुतळा होता, जो २३ ऑक्टोबरच्या रात्री पाडला गेला आणि चौथऱ्यावर फक्त बूट उरले. त्या जागी आता गंजलेल्या पोलादी खांबांचं पाचरीसारखं स्मारक आहे.

दुपारी ब्लाहा लुयझा चौकाजवळून ट्राम २८ किंवा ३७ ने उय कॉझतेमेतो या मोठ्या सार्वजनिक दफनभूमीत जावं. ३०१ क्रमांकाचा भाग मुख्य दारापासून अगदी शेवटच्या कोपऱ्यात, सुमारे दोन किलोमीटर आत आहे. पाणी बरोबर ठेवावं, आत काही मिळत नाही. फाशी दिलेल्यांना इथे खुणेशिवाय पुरलं होतं. उठावाच्या काळातले पंतप्रधान इम्रे नाज यांना १६ जून १९५८ ला फाशी झाली आणि १६ जून १९८९ ला त्यांचा सन्मानाने पुन्हा दफनविधी झाला. मधली एकतीस वर्षं इथे फुलं ठेवायला येणाऱ्या आया-बायकांना पोलीस हुसकावत असत. अमेरिकेत गेलेली आजी १९८९ च्या जूनमध्ये न्यू जर्सीत टीव्हीसमोर का खिळून बसली असेल, हे इथे उभं राहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरा दिवस: कापुवार, हान्शाग आणि पूल

पहाटेची शोप्रोनकडे जाणारी इंटरसिटी घ्यायची. ग्योर आणि चोर्ना मागे टाकत ती दोनेक तासांत कापुवारला पोचते. जागा आरक्षित करणं या गाडीला सक्तीचं असतं. आरक्षणाचं वेगळं तिकीट न घेता चढलं तर दंड होतो. १९५६ मध्ये याच मार्गाने लोक निघाले. ‘मावशीकडे चाललोय’ म्हणून सरहद्दीजवळच्या गावाचं तिकीट काढायचं, सामान जवळजवळ नाही, कारण सूटकेस दिसली की चौकशी. त्या पिढीच्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते: रेल्वेचे कर्मचारी स्टेशनाच्या अलीकडे गाडी हळू करत आणि पुढे पोलीस आहेत, इथेच उतरा, असं दबक्या आवाजात सांगत.

थंडीचा कोट अंगावर एकावर एक दोन, पायात त्यातल्या त्यात धड बूट, पिशवीत पाव, सालोन्नाचा (डुकराच्या खारवलेल्या चरबीचा) तुकडा, जन्माचा दाखला, चार फोटो. वाटाड्याला द्यायला घड्याळ किंवा लग्नाची अंगठी. लहान मूल असेल तर त्याला झोपेचं औषध. ते रडलं तर सगळा जथा सापडणार, आणि डोस जास्त झाला तर मूल जागंच होणार नाही. डोसाचा हा अंदाज अंधारात, घाबरलेल्या आईने करायचा होता.

मुळात जाणं शक्य का झालं, तर १९५६ च्या मे महिन्यापासून ऑस्ट्रियाच्या सीमेवरचे भूसुरुंग आणि तारा काढायला सुरुवात झाली होती आणि सप्टेंबरपर्यंत ते काम संपलं होतं. उठाव आदल्या वर्षी झाला असता तर ही माणसं पोचलीच नसती. १९५७ मध्ये सुरुंग पुन्हा पेरले गेले.

कापुवारपासून अंदाऊचा पूल, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या कालव्यावरचा पूल, सरळ रेषेत पंधराएक किलोमीटर. पण मधे हान्शाग आहे: कोरडी केलेली दलदल, आडवेउभे कालवे, माणसाहून उंच बोरू. रात्री सरळ रेषेत चालताच येत नाही, प्रत्येक कालव्याला वळसा पडतो. शिवाय सीमारेषा नागमोडी, त्यामुळे ऑस्ट्रियात पाऊल पडलेली माणसं पुढे चालत पुन्हा हंगेरीत शिरल्याच्या घटना घडल्या. म्हणून ऑस्ट्रियाच्या लोकांनी हद्दीवर लाल-पांढरे-लाल झेंडे रोवले आणि शेकोट्या पेटवून ठेवल्या. ‘शेकोटीच्या दिशेने चाला’ एवढीच सूचना असायची.

आज हंगेरीच्या बाजूने पुलापर्यंत जायला जंगलातली कच्ची वाट आहे. पाऊस झाला असेल तर चिखलात सायकलचं चाक फिरत नाही. ऑस्ट्रियाच्या बाजूने जाणं शहाणपणाचं. त्यासाठी कापुवारहून एकदोन स्टेशनं पुढे फेर्तोसेन्तमिक्लोशला उतरायचं, तिथून नॉयझीडल तलावाच्या पूर्वेकडून जाणाऱ्या छोट्या गाडीने पामहागेनमार्गे वॉलर्न. सीमा ओलांडणाऱ्या फेऱ्या दिवसातून मोजक्याच, तेव्हा वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवावं आणि परतीची गाडी आधी ठरवावी. वॉलर्नहून टाडेनमार्गे अंदाऊ गाव सायकलने तासाभराच्या आत येतं, सगळा रस्ता सपाट. वारा मात्र समोरून असला की हाच तास दीड तासाचा होतो. गाडी भाड्याने घेतली असेल तर हंगेरीच्या एम१ वर आणि ऑस्ट्रियाच्या ए४ वर वेगवेगळे टोल-पास लागतात, आणि सीमा ओलांडायची परवानगी भाडेकरारात लिहून घ्यावी लागते. दोन्ही देश शेंगेनमध्ये असले तरी ऑस्ट्रिया अधूनमधून तपासणी करते. पासपोर्ट हॉटेलात ठेवून निघू नये.

अंदाऊ गावापासून पूल सुमारे नऊ किलोमीटर. या रस्त्याला पलायनमार्ग असंच नाव आहे आणि दोन्ही कडांना नव्वदच्या दशकात अनेक देशांच्या कलाकारांनी केलेली लाकडी-लोखंडी शिल्पं उभी आहेत. काही आता कुजत चालली आहेत. शेवटी येतो तो पूल पाहून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो: अरुंद लाकडी पादचारी पूल, खाली संथ कालवा. शेतकऱ्यांना गवत न्यायला होता, फौजेला नाही. याच फळ्यांवरून साधारण सत्तर हजार माणसं गेली. २१ नोव्हेंबर १९५६ ला सोव्हिएत सैनिकांनी तो उडवला. त्यानंतर आलेल्यांनी गोठणाऱ्या पाण्यातून किंवा ओंडके टाकून कालवा ओलांडला. आजचा पूल १९९६ मध्ये पुन्हा बांधलेला आहे. शेजारी लाकडी टेहळणी मनोरा आहे. जूनमध्ये इथे डास फार, लांब बाह्यांचा सदरा आणि मलम हवंच.

पूल ओलांडल्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गावातल्या शाळेत, तिथे गवतावर झोप, गरम चहा. मागे राहिलेल्या आईला कळवायचं कसं? पत्र उघडलं जाणार, फोन नाही. लोक पश्चिमेकडच्या हंगेरियन रेडिओला टोपणनावाने निरोप देत: अमुकअमुक सुखरूप पोचली. घरी ठरलेलं ते टोपणनाव ऐकू येईपर्यंत आई रोज रात्री आवाज बारीक करून रेडिओला कान लावून बसायची.

चौथा दिवस: ट्राइसकिर्खेन

व्हिएन्नात ऑपेराजवळून बाडनर बान ही निळी ट्रामगाडी निघते आणि ट्राइसकिर्खेनला थांबते. शहराच्या हद्दीबाहेर गेल्यावर व्हिएन्नाचा पास चालत नाही, पुढच्या टप्प्याचं तिकीट वेगळं. इथली मोठी पिवळसर इमारत म्हणजे सम्राटाच्या काळची तोफखान्याची कॅडेट शाळा. १९४५ ते १९५५ इथे सोव्हिएत फौज राहिली. ती गेल्यावर वर्षभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, त्याच फौजेपासून पळालेले लोक इथे भरले गेले. खिडक्या फुटलेल्या, नळ तुटलेले, सुरुवातीला जमिनीवर गवत. ऑस्ट्रिया स्वतः जेमतेम वर्षभर स्वतंत्र होती. निर्वासितांचं केंद्र इथे आजही चालू आहे, त्यामुळे आत जाता येत नाही आणि कुंपणाजवळ फोटो काढणंही बरं नाही. बाहेरून पाहावं, अर्ध्या तासात परतावं.

छावणीत खरी परीक्षा रांगांची होती. प्रत्येक देशाचं वेगळं टेबल: कोणाला खाणकामगार हवे, कोणाला अविवाहित तरुण, क्षयरोगाचा डाग एक्स-रेत दिसला की बऱ्याच टेबलांवरून नकार. आलेल्यांत बायकांपेक्षा पुरुष बरेच जास्त होते. एकट्या मुलीला प्रश्न जास्त विचारले जात. अमेरिकेच्या नियमित व्हिसाच्या जागा लवकर संपल्या, म्हणून बहुतेकांना ‘पॅरोल’वर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा हक्क न देता, आत घेतलं गेलं. पुढची पाच-सहा वर्षं या एका शब्दाने ठरवली.

पाचवा दिवस: विमान

सांगण्यासारखं थोडंच. त्या काळी व्हिएन्नाहून म्युनिकपर्यंत रेल्वे, तिथून अमेरिकी लष्कराच्या पंख्यांच्या विमानाने, वाटेत इंधनासाठी थांबत, न्यू जर्सीतल्या मॅग्वायर हवाई तळावर. काहींना ब्रेमरहाफेनहून जहाजाने पाठवलं. पहिलं विमान उतरलं तो दिवस २१ नोव्हेंबर १९५६, पूल उडवला तोच. आता व्हिएन्ना ते न्यूयॉर्क परिसर नऊ-साडेनऊ तास. नूअर्कला उतरावं. जेएफकेहून न्यू ब्रन्सविकला यायला शहर ओलांडावं लागतं.

सहावा दिवस: कॅम्प किल्मर आणि एडिसन

या दिवशी मराठी वाचकाला अचानक ओळखीचा मुलूख दिसतो. कॅम्प किल्मर हा १९४२ मध्ये उभारलेला लष्करी तळ एडिसन आणि पिस्कॅटवे या दोन टाउनशिपांत पसरलेला होता. ओक ट्री रोडवर, म्हणजे इथल्या भारतीय बाजारपेठेत, भाजी घ्यायला जाणारी मंडळी त्याच्या काही मैलांच्या आत राहतात, आणि त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की १९५६-५७ च्या हिवाळ्यात तीस हजारांहून जास्त हंगेरियन इथल्या लाकडी बराकींतून गेले. तळाच्या मोठ्या भागावर आता रटगर्स विद्यापीठाचा लिव्हिंग्स्टन परिसर आहे (तिथलं महाविद्यालय १९६९ मध्ये सुरू झालं). न्यू ब्रन्सविक स्टेशनहून विद्यापीठाच्या बसने किंवा गाडीने दहा-पंधरा मिनिटं. जुन्या बराकी शोधत हिंडू नये, तसं काही फारसं उरलेलं नाही. रस्त्यांची सरळसोट आखणी पाहिली की लष्करी तळ ओळखू येतो, तेवढंच. ज्याच्या नावाने तळ होता तो कवी जॉइस किल्मर न्यू ब्रन्सविकचाच. त्याचं जन्मघर त्याच्याच नावाच्या रस्त्यावर आहे.

छावणीतला क्रम असा होता: नोंदणी, छातीचा एक्स-रे, इमिग्रेशनची मुलाखत, मग धर्मसंस्थांच्या टेबलांवर प्रायोजकाचा शोध. प्रायोजक मिळाला की काही दिवसांत रवानगी, कुठेही: क्लीव्हलँड, मिलवॉकी किंवा जवळच न्यू ब्रन्सविक. नोंदणीत नावं हमखास बिघडत. हंगेरियनमध्ये आडनाव आधी येतं आणि लग्न झालेली बाई कागदावर नवऱ्याच्या पूर्ण नावाला ‘ने’ जोडून लिहिली जाते. तिचं स्वतःचं नाव कुठेच नसतं. कारकून त्यातलं काहीतरी आडनाव म्हणून उतरवून घेई. कोणी आपल्या कुटुंबाची कागदपत्रं शोधत असेल तर आजी तीन नावांनी शोधावी लागते: माहेरचं, ‘ने’ जोडलेलं आणि अमेरिकन कारकुनाचं. इमिग्रेशनची वैयक्तिक फाइल जन्माला शंभर वर्षं झाल्यावर राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाते. त्याआधीची सरकारकडे अर्ज करून मागवायची, आणि त्यासाठी मृत्यूचा दाखला किंवा तिची संमती लागते.

पॅरोलचं काय झालं? २५ जुलै १९५८ च्या कायद्याने दोन वर्षं अमेरिकेत काढलेल्यांना कायम रहिवासी होता आलं, आणि आल्याच्या तारखेपासून धरलं गेल्याने नागरिकत्व १९६१-६२ च्या सुमारास मिळू लागलं. हंगेरीने मार्च १९६३ मध्ये सार्वत्रिक माफी जाहीर केली. हातात अमेरिकन पासपोर्ट आणि समोर माफी, दोन्ही जमल्याशिवाय आईला भेटायला जाण्यात धोका होता. म्हणून पहिल्या भेटी साधारण १९६४ नंतरच्या. तोवर आधार डॉलर भरून ‘इक्का’ या सरकारी योजनेतून घरी वस्तू पोचवण्याचा.

दुसऱ्या तऱ्हेची आजीही होती. मागे राहिलेली आई निवृत्त झाली की तिला पासपोर्ट तुलनेने सहज मिळे, पेन्शनवरचं माणूस गेल्याने राज्याचं काही अडत नव्हतं. ती साठीत इंग्रजीचा एक शब्द येत नसताना न्यू जर्सीत उतरे आणि लेक-जावई कारखान्याच्या पाळ्या करत असताना नातवंडं वाढवी. नातवंडांना हंगेरियन येतं ते बहुधा हिच्यामुळे. एडिसनमध्ये आज सहा महिन्यांच्या व्हिसावर येणाऱ्या मराठी आज्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

सातवा दिवस: सॉमरसेट स्ट्रीट

न्यू ब्रन्सविकला न्यूयॉर्क पेन स्टेशनहून गाडीने तासभर. हंगेरियन इथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. सिगारचे कारखाने आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी त्यांना काम दिलं. त्यामुळे १९५६ ची मुलगी आली तेव्हा चर्च, खाटिक, बेकरी तयार होती. प्रेमाने स्वागत झालंच असं मात्र समजू नये. समाजात तीन थर होते: जुने ‘ओरेगअमेरिकाश’, युद्धानंतर आलेले ‘दीपी’ आणि हे नवे ‘ओत्वेनहातोश’, म्हणजे छप्पनवाले. कम्युनिस्ट शाळेत शिकलेली ही पोरं विश्वासार्ह आहेत का, अशी शंका आधीच्या दोघांनाही होती. ती शंका रविवारच्या प्रार्थनेपेक्षा चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात फिटली असावी, कारण तिथे हात लागत होते.

सेंट लॅडिस्लॉस चर्च, मिंडसेंटी चौक आणि अमेरिकन हंगेरियन फाउंडेशनचं संग्रहालय हे सगळं याच रस्त्यावर. हंगेरीतल्या कॅथलिक चर्चचे प्रमुख कार्डिनल मिंडसेंटी ४ नोव्हेंबर १९५६ ला बुडापेस्टच्या अमेरिकन दूतावासात शिरले ते १९७१ मध्येच बाहेर पडले. १९७३ मध्ये ते इथे येऊन गेले. संग्रहालयाच्या वेळा बदलतात, फोन करूनच जावं. आता परिसरात स्पॅनिश जास्त ऐकू येते. हंगेरियन कुटुंबं उपनगरांत गेली, पण मुलांना शनिवार-रविवारच्या शाळेला आणि स्काउटला आणतात. परदेशातल्या हंगेरियन स्काउट संघटनेचं मुख्यालयही न्यू जर्सीतच, गारफील्डला आहे.

तळघरातल्या कामांत सगळ्यात चिवट काम चिगातेस्ताचं, म्हणजे गोगलगाईच्या आकाराच्या शेवयांचं. एक किलो मैद्याला आठ ते दहा अंडी, पाणी मुळीच नाही. पीठ इतकं घट्ट की मळायला दोघी लागतात. अर्धा तास झाकून ठेवायचं, मग मिलिमीटरभर जाड लाटायचं, दीड ते दोन सेंटिमीटरचे चौकोन कापायचे. प्रत्येक चौकोन तिरका, कोपऱ्याकडून, बारीक काडीवर गुंडाळत बोरूच्या खाचांच्या पाटीवरून दाबून पुढे ढकलायचा. पाटी नसेल तर न वापरलेला जाड दातांचा कंगवा चालतो. चौकोन उघडे राहिले तर कडा सुकतात आणि गुंडाळताना तडकतात, म्हणून एका वेळी मूठभरच काढायचे, बाकी ओल्या फडक्याखाली. दाब कमी पडला तर वळी सुपात उलगडते. जास्त पडला तर काडीला चिकटते. कापडावर पसरून दोन दिवस वाळवल्या की महिनोन्‌महिने टिकतात. एकटीने करण्याचं हे काम नाही. आठ-दहा जणी टेबलाभोवती बसतात, पाकिटं विकून चर्चचं छप्पर दुरुस्त होतं, आणि नवी आलेली मुलगी काम कुठे मिळेल हे तिथेच विचारून घेते.

या शेवया मटणाच्या रश्श्यात घालायच्या नसतात. त्या कोंबडीच्या नितळ सुपाच्या. जून कोंबडी दीड किलो, थंड पाणी चार लिटर, गाजर, पार्सलीची मुळं, आख्खा कांदा, मिरी. उकळी फुटू न देता तीन तास मंद आचेवर. उकळू दिलं की सूप गढूळ होतं आणि मग गाळूनही निवळत नाही. शेवया वेगळ्या भांड्यात, थोड्या गाळलेल्या सुपात शिजवायच्या.

पाप्रिकाचा, म्हणजे हंगेरियन लाल मिरचीच्या पुडीचा, नियम मराठी स्वयंपाकघराला लगेच पटेल. फोडणीत तिखट जळतं तसंच हे जळतं, त्यात साखर असल्याने आणखी लवकर. चरबीत कांदा गुलाबी झाला की भांडं आचेवरून खाली घ्यायचं, मग पाप्रिका, दोनदा ढवळून लगेच मांस किंवा चमचाभर पाणी, आणि त्यानंतरच परत आचेवर. कडवट पोरकोल्ट (पाप्रिका घातलेला मांसाचा दाट रस्सा) खाल्लं की चूक इथे झाली असं समजावं. कोल्बास या सॉसेजसाठी डुकराच्या खांद्याच्या मांसात चतुर्थांश चरबी, किलोला १८ ते २० ग्रॅम मीठ, २० ते २५ ग्रॅम पाप्रिका, पाचएक ग्रॅम लसूण, थोडी मिरी आणि शहाजिरं. मांस आणि चरबी बर्फासारखी गार नसतील तर यंत्रात चरबी फासली जाते आणि सॉसेज कोरडं, भुसभुशीत होतं.

उत्सवाच्या शनिवारी रस्त्यावरच हे सगळं मिळतं: लांगोश (तळलेली पिठाची पोळी), भरलेली कोबी, कोल्बास, कुर्तोशकालाच (नळीच्या आकाराचा गोड पाव) आणि निखाऱ्यावर सालोन्ना धरून तिची गळती चरबी पावावर टिपणारे म्हातारे. शाकाहारी माणसाने लांगोश, पालाचिंता (पातळ घावन) आणि चीजचे पदार्थ धरावेत, तेही लांगोश कशात तळलं ते विचारून, कारण चरबी वापरतात. भरलेली कोबी दुपारी लवकर संपते, अकराच्या सुमारास पोचलेलं बरं. रोख रक्कम सुट्टी ठेवावी, चर्चच्या टेबलांवर कार्ड चालेलच असं नाही. सॉमरसेट स्ट्रीट त्या दिवशी गाड्यांना बंद असतो, तेव्हा गाडी स्टेशनाजवळच्या पार्किंगमध्ये सोडून पायी यावं. वाळवलेल्या चिगाची पाकिटं दिसली तर दोन घ्यावीत. ती अंड्याची असतात आणि घरच्या वरणभातात चालत नाहीत.